उसना तास : पळणाऱ्या आयाबायांची गोष्ट



गेल्या साली ८ मार्चला तालुक्याच्या गावी बचत गटांच्या बायांचा मेळावा होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून पाच गटांच्या बत्तीस जणी एक टेम्पो करून गेलो. भाषणं झाली, सत्कार झाले, नारळ-शाल झाली. मग माइकवर पुकारलं, "आता महिलांसाठी खेळ!" खेळ कोणते? लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि सुई-दोरा. आमच्यातल्या एक मावशी उठल्या. वय बावन्न, घरी दोन म्हशी, तीन नातवंडं. त्यांनी विचारलं, "पळायचं काही न्हाई का?" स्टेजवरचे भाऊ हसले. म्हणाले, "मावशी, पडला-बिडला तर आमच्या अंगावर यायचं." सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलायचं. मावशी गुपचूप खाली बसल्या.

परतीच्या वाटेवर टेम्पोत त्या आपसूक बोलल्या, "शाळेत असताना मी खांबापासनं खांबापतूर पोरींचा पाठलाग करायची. एकीला सोडत नव्हते. आता म्हणत्यात लिंबू सांभाळ." टेम्पोत एकदम शांत झालं. कारण लक्षात आलं, की आमच्यातल्या निम्म्या जणी शाळेत खो-खो खेळलेल्या होत्या आणि लग्नानंतर एकीनंही पळून बघितलं नव्हतं. एसटी पकडायला किंवा वासरू दावं तोडून गेलं तर तेवढं, बाकी नाही.

त्या दिवसापासून आम्ही सहयोगिनी ताया मिळून शोधायला लागलो. बायांनी पळू नये हे ठरवलं कुणी? आणि न ऐकता ज्या पळाल्या, लेकरंबाळं सांभाळून, वय झाल्यावर पळाल्या, त्यांनी ते जमवलं कसं? वाचनालयातून, मोबाइलवरून, कुणाच्या लेकीच्या पुस्तकातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. ऑलिम्पिक हे नाव आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. आताच्या काळातलं पहिलं ऑलिम्पिक १८९६ साली ग्रीस देशात अथेन्सला झालं. त्यात एकाही बाईला प्रवेश नव्हता. पळण्याच्या शर्यतीत बायांना घेतलं ते १९२८ साली, नेदरलँड्सच्या ॲमस्टरडॅम शहरात. म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्यातही पळायला तीनच शर्यती दिल्या : १०० मीटर, ८०० मीटर आणि चौघींची ४ गुणिले १०० मीटर रिले. ८०० मीटर संपल्यावर काही जणी दमून टेकल्या, धापा टाकू लागल्या. आता जीव तोडून पळालेलं माणूस धापा टाकणारच ना? पुरुषही टाकतात. पण वर्तमानपत्रांनी रंगवून छापलं, की बाया कोसळल्या, हे त्यांना झेपणारं नाही. आणि ती शर्यत बायांसाठी बंदच केली. किती वर्षं? थेट १९६० पर्यंत! एका दिवसाच्या धापेपायी बत्तीस वर्षं दार बंद. "पडला-बिडला तर" हे वाक्य फक्त आपल्या तालुक्यातलं नाही, हे तेव्हा आम्हाला कळलं.

आता त्याच ॲमस्टरडॅमकडच्या एका बाईची गोष्ट. नाव फॅनी ब्लँकर्स-कून. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा अठरा वर्षांची पोरगी होती. पदक काही मिळालं नाही. मग दुसरं महायुद्ध लागलं आणि १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिकं झालीच नाहीत. पळणाऱ्या माणसाची ऐन उमेदीची वर्षं तशीच गेली. तिचं १९४० साली लग्न झालं, मुलगा झाला, मग मुलगी झाली. १९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं तेव्हा फॅनी तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. लोक म्हणाले, आता हिचं वय झालं. इंग्लंडच्या संघाच्या एका मोठ्या माणसाने तर तसं लिहूनच टाकलं. तिला चिठ्ठ्या आल्या, की पोरं सोडून आखूड चड्डीत पळतेस, घरी बस. मैत्रिणींनो, हे गोऱ्या लोकांच्या मुलखात चाललं होतं, बरं का.

त्याआधी फॅनीचा सराव कसा चालायचा? तिचा नवरा यान हाच तिला शिकवायचा. घरचं आवरून पोरांना घेऊन ती मैदानावर जायची. पोरं बाजूला वाळूत खेळायची, ही पळायची. रोज रोज जाणं जमायचं नाही. आठवड्यातून दोनदा जमायचं, पण ते दोन दिवस ती चुकवायची नाही.

लंडनला तिने पहिल्यांदा १०० मीटर जिंकली. मग ८० मीटरची अडथळ्यांची शर्यत जिंकली, तीही अगदी थोडक्यात. आणि मग ती खचली. घरची ओढ लागली, पोरं आठवायला लागली. ती रडायला लागली, म्हणाली, पुरे झालं, मला घरी जायचंय. नवऱ्याने समजूत घातली. मग ती उतरली आणि २०० मीटर अशी जिंकली, की दुसरी बाई पूर्ण सात दशांश सेकंद मागे राहिली. वेगाच्या शर्यतीत एवढं अंतर म्हणजे फार झालं. शेवटी राहिली रिले. त्या दिवशी बाईसाहेब बाजारात रेनकोट घ्यायला गेल्या आणि शर्यतीला पोचायला उशीर होता होता राहिला! ती सगळ्यात शेवटी पळणार होती. काठी हातात आली तेव्हा संघ मागे होता. तिने पुढच्या सगळ्यांना गाठून सोनं आणलं. एका ऑलिम्पिकात चार सुवर्णपदकं. तिला नाव पडलं 'उडती गृहिणी'. परत गावी आली तेव्हा शेजाऱ्यांनी तिला सायकल भेट दिली, म्हणाले, आता इतकं पळू नकोस, जरा सायकलवर जा.

रेनकोटची गोष्ट गटात सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त हसू त्यालाच आलं. एक जण म्हणाली, "म्हंजे तीबी आपल्यासारखीच. कुठंबी जावा, घरच्यांसाठी काहीतरी घ्यायचं ध्यानात असतंच." रेनकोट तिने कुणासाठी घेतला ते आम्ही कुठे वाचलं नाही. पण गटाने ठरवूनच टाकलं, की पोरांसाठी असणार.

आता आपल्या देशात येऊ. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. देश स्वतंत्र होऊन चार वर्षं होत नाहीत तोच भारतीय मुली तिथे पळाल्या. त्यात मुंबईच्या मुली पुढे होत्या. रोशन मिस्त्री या पारशी मुलीने १०० मीटरला रौप्यपदक मिळवलं. वांद्र्याच्या मेरी डिसोझा हिने २०० मीटरला कांस्यपदक घेतलं. रिलेतही आपल्या मुलींना रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी, १९५२ साली, फिनलंड देशात हेलसिंकीला ऑलिम्पिक होतं. मेरी आणि बंगालची नीलिमा घोष या ऑलिम्पिकात पळणाऱ्या पहिल्या भारतीय बाया. मेरीला जायचं तर खर्चाचा प्रश्न आला. तेव्हा मित्रमैत्रिणींनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाचगाण्याचे कार्यक्रम ठेवले, पत्त्यांचे डाव लावले आणि पैसा उभा केला. हे वाचल्यावर आमच्या गटाच्या सचिव पटकन म्हणाल्या, "भिशीच की ही!" १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत मेरी डिसोझा आणि स्टेफी डिसोझा या दोघी ज्या रिले संघात होत्या, त्या संघाने सुवर्णपदक आणलं. पळण्याच्या मेहनतीसाठी मेरीबाईंना सरकारने ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. उशीर कसा असतो बघा.

पी. टी. उषा तुम्हाला माहीत आहे. १९८४ साली ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने तिचं पदक गेलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. लग्न झालं, मुलगा झाला, आणि त्यानंतर ती परत मैदानात उतरली. १९९८ साली, चौतीस वर्षांची असताना, जपानमधल्या फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत तिने २०० मीटरला आणि ४०० मीटरला कांस्यपदक घेतलं. आमच्या मते शाळेच्या पुस्तकात हुकलेल्या पदकाशेजारी हेही छापायला पाहिजे.

पण या सगळ्या झाल्या मोठ्या मैदानांवरच्या बाया. आपल्या खेड्यातल्या बाईच्या पायात वेग कधी नव्हता का? खो-खोचंच घ्या. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली बसवले. खो-खो म्हणजे काय, तर पंधरा-वीस पावलांची जीव खाऊन धाव, गपकन थांबणं, वळणं आणि परत धाव. शहरात ट्रॅकवर जे शिकवतात तेच आपल्या पोरी पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या मैदानावर अनवाणी करत आल्या. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. लंगडी घ्या, एका पायावर उडत जाणं. पिंडरीला आणि घोट्याला याच्यासारखा व्यायाम नाही. मंगळागौरीच्या फुगड्या घ्या. आपल्या आज्या-पणज्यांना मैदान दिलं नाही, तर त्यांनी ओसरीचं मैदान केलं.

आणि एक गोष्ट आमच्या गावातली. आम्ही आता सरावाला ज्या पाझर तलावाच्या बांधावर जातो, तो बांध १९७२ च्या दुष्काळातला. आपल्या नगर जिल्ह्याने तो दुष्काळ किती सोसला ते घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारा. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगर येतं, सांभाळून घ्या.) त्या साली दुष्काळी कामावर बाया डोक्यावर मातीची पाटी घेऊन दिवसभर बांधाची चढण चढायच्या आणि उतरायच्या. खायला सुकडी. कडेवरचं पोर झाडाखाली झोळीत. गावातल्या एक आजी आम्हाला पळताना बघून म्हणाल्या, "ह्या चढावर मी दिसाला किती खेपा केल्या त्याचा हिशेब न्हाई. तवा कुणी म्हणलं न्हाई, म्हातारे, पडशील." आजी तेव्हा तिशीच्याही नव्हत्या, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. ओझं असलं की बाईचं वय कुणी विचारत नाही. ओझं उतरवून पळायला लागली की विचारतात.

श्रीगोंद्याकडून भीमा ओलांडली की दौंड, आणि दौंडच्या पुढे बारामती. तिथल्या लता भगवान करे यांचं नाव पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. मूळच्या बुलडाणा जिल्ह्याच्या. पोटापाण्यासाठी हे कुटुंब बारामतीकडे आलं, दुसऱ्याच्या शेतात मोलमजुरी करायची. मुलींची लग्नं केली, हाती शिल्लक काही नाही, आणि नवरा आजारी पडला. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. पैसे कुठून आणायचे? तेवढ्यात कळलं, की बारामतीत मॅरेथॉन आहे, ज्येष्ठांची ३ किलोमीटरची शर्यत आहे, आणि जिंकणाऱ्याला रोख बक्षीस आहे. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात अनवाणी पायाने पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षीही जिंकल्या. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला आणि त्यात लताबाईंनी स्वतःचं काम स्वतःच केलं. त्यासाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. पुरस्कार जाहीर झाले २०२१ च्या मार्चमध्ये. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, ज्या नवऱ्यासाठी त्या पळाल्या, तो कोरोनात गेला.

ही गोष्ट सांगताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ्या पडतात. आमच्याही डोळ्यांत आलं. पण मग गटात एक वाद झाला तो सांगतो. एक जण म्हणाली, "नवऱ्याच्या दवाखान्यासाठी पळाली म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. उगंच आवड म्हणून पळाली असती तर?" कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं. आम्हाला वाटतं, तिचा प्रश्न बरोबर आहे. बाई घरासाठी पळाली तर ती माउली. स्वतःसाठी पळाली तर रिकामटेकडी. लताबाईंचा मोठेपणा याने तसूभर कमी होत नाही. पण दवाखान्याची वेळ आली तरच बाईने पळावं असं नाही ना?

म्हणून आम्ही शोधलं, की नुसत्या आवडीने वय झाल्यावर पळणाऱ्या कोण. तर त्यांच्यासाठी जगात वेगळ्या स्पर्धाच आहेत. त्यांना मास्टर्स म्हणतात. पस्तिशीपासून पुढे प्रवेश, आणि पाच-पाच वर्षांचे गट. म्हणजे पस्तीस ते एकोणचाळीसच्या बायका एकत्र, चाळीस ते चव्वेचाळीसच्या एकत्र, असं थेट शंभरीपर्यंत. अशी पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडात टोरंटोला झाली. बावन्न वर्षांच्या मावशींना बावीस वर्षांच्या पोरीशी पळायचंच नाही. त्यांच्या गटात पन्नास ते चोपन्नच्याच बाया. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "हां, मग हिशेब जमतो."

आपल्या देशातल्या तीन म्हाताऱ्यांनी यात नाव काढलं. पंजाबच्या मान कौर यांनी पळायला सुरुवात केली ती त्र्याण्णवव्या वर्षी. २०१७ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला त्यांनी १०० मीटर पूर्ण केली १ मिनिट १४ सेकंदांत, तेव्हा वय एकशे एक. दुसऱ्या भगवानी देवी, वय चौऱ्याण्णव. त्यांनी २०२२ साली फिनलंडमध्ये टाम्पेरेला १०० मीटरचं सोनं घेतलं, वेळ २४.७४ सेकंद. आणि त्याच साली बडोद्याला हरियाणाच्या रामबाई एकशे पाचव्या वर्षी १०० मीटर पळाल्या, ४५.४० सेकंदांत.

या तिघींच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा आम्हाला एक गोष्ट दिसली, आणि आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. मान कौर यांना मैदानावर कुणी नेलं? त्यांच्या मुलाने, गुरदेव सिंग यांनी, जे स्वतः म्हातारपणी पळत. भगवानी देवींना नेलं नातवाने, तो स्वतः खेळाडू. रामबाईंना नेलं नातीने, तीही पळणारी. फॅनीला नेलं नवऱ्याने. मेरीसाठी शेजाऱ्यांनी पैसा उभा केला. म्हणजे वय सगळ्यांचंच झालं होतं किंवा लोकांच्या लेखी झालं होतं. पण प्रत्येकीच्या मागे कुणीतरी एक माणूस होतं, ज्याने तिचा तास मोकळा केला. पायात बळ आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. सकाळचा तो तास कुणाचा, हा प्रश्न आधीचा.

मग आम्ही काय केलं? आमच्याकडे ना यान, ना गुरदेव सिंग. पण गट आहे. आम्ही उसनवारीने तास काढला. बुधवारी आणि रविवारी सकाळी दूध डेअरीवर घातलं की पळायचं. ज्या दिवशी चौघी पळतात, त्या दिवशी दुसऱ्या दोघी त्यांचं दूध डेअरीवर नेतात, एक जण लहान लेकरं आपल्या अंगणात सांभाळते. पुढच्या वेळी पाळी उलटी. हे सगळं गटाच्या वहीत लिहितो. कर्जाच्या पानाशेजारी तासाचं पान : कुणी किती तास दिले, कुणाकडे किती थकले. सुरुवातीला हसण्यावारी नेलं, पण वही आली तशी उसनवारी फिटायला लागली. कर्जाचं होतं तसंच.

आता पळायचं कसं, ते थोडं सांगतो, कारण सुरुवातीला आम्ही चूक केली. पहिल्याच दिवशी जोशात आलो आणि थेट जोरात पळालो. मावशींच्या मांडीची मागची शीर धरली. तीन आठवडे त्या लंगडत होत्या आणि घरातून बोलणी खात होत्या, "झालं समाधान?" चूक त्यांची नव्हती, आमची होती. पुस्तकं वाचून इतिहास शोधला आणि सराव कसा करावा तेच वाचलं नव्हतं. नंतर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारलं. त्यांनी नीट बसवून दिलं.

तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी होतात. त्यातही जे स्नायू वेगासाठी लागतात ते आधी कमी होतात, आणि पाळी गेल्यावर बाईची हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. थोडी वेगाची धाव आणि थोडी ताकदीची कामं केली तर ही उतरण सावकाश होते. म्हणून पळायचं, पण तयारीने. आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं अंग गरम करायचं : भरभर चालायचं, गुडघे उचलत जागच्या जागी चालायचं, पाय पुढे-मागे झुलवायचे. मग ४० मीटरच्या चार-पाच धावा, त्याही निम्म्या-पाऊण जोराने. दोन धावांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण थांबायचं, गप्पा मारायच्या. हे थांबणं आळस नाही, तो सरावाचाच भाग आहे. जोर वाढवायचा तो महिन्या-दीड महिन्याने. बांधाच्या चढावर पळालं तर मांडीच्या मागच्या शिरेला ताण कमी बसतो, म्हणून आम्ही निम्मा सराव चढावर करतो. घरी पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, रोज वीस-पंचवीस वेळा. भाकरी भाजून होईपर्यंत होतं. आणि पळण्याच्या दोन दिवसांमध्ये किमान दोन दिवस पायांना सुट्टी. फॅनी आठवड्यातून दोनदाच पळायची, ते आम्हाला फार दिलासा देऊन गेलं.

साडीत पळायचं तर पळा, लताबाई पळाल्या. पण आमच्या बहुतेक जणी आता सलवार घालतात. पहिल्या दिवशी दोघी शेताच्या कडेला कपडे बदलून आल्या आणि जाताना परत साडी नेसून गेल्या. आता रस्त्यानेच सलवारीत येतात. चार दिवस लोकांनी बघितलं, पाचव्या दिवशी कांद्याचा भाव पडला, मग आमच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती उघड सांगतो. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायांना पळताना, शिंकताना, उडी मारताना थेंबभर लघवी होते. काहींचं अंग बाहेर येतं. लाजून बाया पळणं सोडतात, कारण मात्र सांगत नाहीत. आमच्यातल्या दोघींनी असंच सोडलं होतं. यावर उपचार आहेत, व्यायाम आहेत. आशाताईला सांगा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवा. अंग बाहेर येत असेल तर आधी दाखवा आणि मगच पळा. रक्तदाब, साखर आणि रक्तातलं लोह एकदा तपासूनच घ्या. आमच्या तपासणीत कितीतरी जणींचं रक्त कमी निघालं. धाप लागत होती ती वयाने नाही, रक्त कमी म्हणून. त्यांना गोळ्या सुरू झाल्या. शेंगदाणे, हरभरे, मटकी, अंडं, दूध, यातलं काहीतरी रोज स्वतःच्या ताटात घ्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर घेईन असं म्हणू नका. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

यंदा मेळाव्याच्या आधी आम्ही आयोजकांना लेखी अर्ज दिला. पाच गटांचे ठराव जोडले, शिक्के मारले. मागणी एकच : पस्तिशीच्या पुढच्या बायांसाठी १०० मीटर धावण्याची शर्यत, पाच-पाच वर्षांच्या गटांत. आधी म्हणाले, बघू. मग म्हणाले, मैदान नाही. आम्ही म्हटलं, मैदान आम्ही आखतो. आदल्या दिवशी आमच्या सहा जणी फक्कीची पिशवी आणि दोरी घेऊन गेल्या आणि शाळेच्या मैदानावर चार पट्टे आखून आल्या. शंभर मीटर बसेनात, कुंपण आडवं आलं, म्हणून ऐंशीच मीटर आखले. फॅनीनेही ऐंशीची शर्यत जिंकली होती, अडथळ्यांची. आपल्याकडचे अडथळे आखावे लागत नाहीत.

एकवीस जणी पळाल्या. मावशी पन्नासच्या गटात दुसऱ्या आल्या. पहिली आली ती दुसऱ्या गावची, आणि म्हणे रोज डोंगरावर शेरडं वळते. मावशींनी तिला जाऊन विचारलं, तू सराव कुठं करतीस. लिंबू-चमचा झालाच, तोही आम्ही खेळलो, त्याच्याशी आमचं वैर नाही.

आता अडलेलं सांगतो. आमच्यातल्या दोघी अजून येऊ शकत नाहीत. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिच्याजवळ तासभर दुसरं कुणी बसलेलं सासूला चालत नाही. दुसरीच्या घरी नवऱ्याने सरळ नको म्हटलंय. पहिलीसाठी आमच्या वहीतल्या उसनवारीने काही जमेना. दर बुधवारी एक जण त्या सासूबाईंजवळ जाऊन नुसतं बोलत बसते, ओळख वाढवते. परवा त्यांनी विचारलं म्हणे, "त्या बांधावर काय करता गं तुम्ही?" दुसरीचं काय करावं ते आम्हाला सुचलेलं नाही. तुमच्या गटात असं कुणी सोडवलं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर लिहून कळवा, आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.

आणि तुमच्या गावात शाळेत खो-खो खेळलेल्या बाया किती आहेत, तेही एकदा मोजून कळवा.